काचेच्या पाठीवरची खूण

माझी आत्या बावीस वर्षं भिंती बांधत होती आणि त्यातली एकही कुणाला डोळ्यांनी दिसली नाही. माझे बाबा रंगारी. लोकांच्या भिंती रंगवून संध्याकाळी घरी आले, की जेवायला बसताना ते बहिणीला हमखास डिवचायचे.

"आज किती जाड बांधलीस?"

"दहा अणू. कुठे नऊ असतील."

"दहा अणूंची भिंत? ती भिंत नव्हे गं, अफवा आहे."

आत्या हसायची नाही. पुढचा घास घ्यायची आणि म्हणायची, "तुझ्या ब्रशातला एक केस माझ्या पन्नास हजार भिंतींएवढा जाड आहे, दादा."

ती एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. बोटाएवढी काच घासूनपुसून पोलादी चेंबरमध्ये ठेवायची, पंप लावून आतली हवा काढायची, ॲल्युमिनियम तापवून त्याची वाफ काचेवर पट्टीसारखी बसू द्यायची. मग घड्याळ लावून दहा मिनिटं चिमूटभर ऑक्सिजन आत सोडायचा. ॲल्युमिनियमवर त्याची साय धरते. या सायीतून वीज जात नाही, निदान जाऊ नये. वरून पुन्हा ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या. उभी पट्टी आडवीला भेटते तिथे एक जोड, दोन धातूंच्या मध्ये ती साय. एका काचेवर असे वीस जोड. पंपालाच दोन-अडीच तास लागत, त्यामुळे दिवसाला काचा दोनच, सकाळची आणि दुपारची. आत्याने लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कुणी नातेवाइकाने विचारलं तर ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, "पंपाला वेळ लागतो."

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या सरांनी तिला एका जोडाला स्पीकर लावून ऐकवला होता. बारीक चाळणीतून वाळू पडावी तसा आवाज. सर म्हणाले होते, "हे इलेक्ट्रॉन. भिंत फोडत नाहीत, वरून उडीही मारत नाहीत. अलीकडे असतात आणि मग पलीकडे असतात. एकेकटे जातात, वेळापत्रक न पाळता. म्हणून आवाज असा." तिने हे घरी येऊन सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे आपला धाकटा मामा. आत कसा आला कुणी पाहत नाही, पण ताट मांडलं की हजर."

आत्याला मात्र तो आवाज भिडला. पुढे कितीतरी वर्षं ती सांगायची की त्या दिवशी तिला कुणीतरी आपल्याशी खरं बोलल्यासारखं वाटलं.

अडचण एकच होती. एका काचेवरचे वीस जोड एकाच वेळी, एकाच चेंबरमध्ये, एकाच हाताने बनलेले. त्यांचे आकडे सारखे यायला हवेत. ते येत नसत. एका जोडाचा रोध शंभर ओहम, शेजारच्याचा नऊशे, तिसऱ्याचा अडीचशे. साय एका अणूने जाड झाली की तिच्यातून जाणारी वीज दहापट कमी होते, आणि अणू काही फूटपट्टी लावून बसत नाहीत. सरांना कमी विखुरलेल्या काचा हव्या होत्या. आत्याच्या काचा इतरांपेक्षा कमी विखुरत. तिसऱ्या वर्षी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ताईंच्या हाताला गुण आहे." आत्याने ते वाक्य फार जपून ठेवलं. पगारवाढीची तारीख तिला कधी आठवत नसे. हे वाक्य कोणत्या वारी, कुठल्या टेबलापाशी उभं राहून सर म्हणाले होते ते आठवे.

मग छोटी आली.

तिला सगळे छोटीच म्हणत, कारण ॲप्रन तिला घोट्यापर्यंत यायचा. वय पंचवीस. रोज दहा मिनिटं उशिरा यायची, आल्यावर आधी चहा प्यायची, काच धुताना गुणगुणायची. आत्याने तिला सगळं शिकवलं: काच किती वेळा धुवायची, ऑक्सिजनचा नळ कसा केसाएवढा फिरवायचा, हातमोजे कसे घालायचे. छोटी लवकर शिकली. पहिले सहा महिने आत्या घरी तिचं कौतुक करायची. "पोरगी हुशार आहे हं." मग एके दिवशी ते थांबलं.

त्या दिवशी छोटीच्या एका काचेचे वीस आकडे असे आले, की सरांनी त्यांचा आलेख छापून फळ्यावर टाचला. उंच, सडपातळ, एकच शिखर. शेजारी तुलनेसाठी आत्याच्या एका जुन्या काचेचा आलेख, पसरलेला, अंथरुणावरच्या चादरीसारखा. पंधरवड्याने छोटीची दुसरी काच तशीच आली. आणि सर म्हणाले, चहाचा कप हातात धरून, अगदी सहज, "हिच्या हाताला गुण आहे."

त्या संध्याकाळी आत्या जेवली नाही. पोटात ठीक नाही म्हणाली. मी तेव्हा बारावीत होते आणि माझं टेबल तिच्या खोलीच्या दाराशी होतं. बाबा आत जाऊन बसले.

"काय झालं ते सांग."

"काही नाही. ती गाते."

"कोण?"

"छोटी. काच धुताना गाते. थुंकीचा एक कण उडाला तर काच गेली. आणि तिचीच काच चांगली येते. मी बावीस वर्षं तोंड मिटून धुतली."

"मग तूही गा."

"दादा, चेष्टा नको."

"चेष्टा नाही करत. हे बघ, भिंत समोरून पाहिली की सगळ्यांचीच गुळगुळीत. तिरपी बॅटरी मारून बघ, मग कुणी कुठे हात चुकवलाय ते दिसतं. तिच्या दोनच काचांवर तू रडतेस?"

"मी रडत नाहीये."

रडत नव्हती हे खरं. पण त्या दिवसापासून तिच्या बोलण्यात छोटी सारखी येऊ लागली, आणि दर वेळी काहीतरी घेऊनच. छोटीने नवे बूट घेतले. छोटीला सरांनी खुर्ची दिली. छोटी हसली की पंपाच्या आवाजावरूनही ऐकू येतं. आत्या आता घरून दहा मिनिटं लवकर निघायची, आणि तिथे पोहोचून छोटीची वाट बघत बसायची, ती उशिरा येते हे बघण्यासाठी.

मग कळलं की नवं यंत्र येणार आहे. ऑक्सिजन मोजूनमापून सोडणारं, संगणकावर चालणारं. ते सांभाळायला एकच माणूस नेमायचं होतं आणि त्याला तीन महिने दुसऱ्या गावी शिकायला पाठवायचं होतं. सरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं, "शुक्रवारी दोघींनी एकेक काच करा. मी सोमवारी मोजतो. ज्यांची काच कमी विखुरलेली, त्या जातील."

छोटी म्हणाली, "सर, ताईच जाऊ देत ना. मी अजून नवीन आहे."

आत्याला हे बोलणं थप्पड मारल्यासारखं लागलं. घरी आल्यावर तिने ते तीनदा सांगितलं. "जाऊ देत म्हणे! जाऊ देत!"

शुक्रवारी सकाळची काच आत्याची होती. ऑक्सिजन सोडताना दाबाचा काटा थरथरला. जेमतेम चार-पाच सेकंद, पण आत्याने ते पाहिलं. बावीस वर्षांत तिने काटा थरथरलेल्या काचा पाहिल्या होत्या; त्या चांगल्या येत नसत. दुपारची काच छोटीची. तिचा काटा दगडासारखा स्थिर. छोटीने काच डबीत ठेवली, झाकणावर तिची पिवळी टिकली चिकटवली आणि "येते हं ताई, सोमवारी भेटू," म्हणत पायऱ्या उतरली. आत्याची डबी शेजारीच होती, हिरव्या टिकलीची. काचा दमट होऊ नयेत म्हणून दोन्ही डब्या सोमवारपर्यंत एका बंद काचपेटीत राहणार होत्या.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पंप बंद झाला होता आणि बंद झाल्यावर त्याचं पोलाद थंड होताना टिकटिक वाजतं, तेवढाच आवाज होता. आत्याने काचपेटी उघडली. दोन्ही डब्यांची झाकणं काढली. हिरवं झाकण छोटीच्या डबीवर बसवलं, पिवळं आपल्या. पेटी लावली. हातमोजे काढून धुतले, रोज धुवायची तसेच, बोटं सुटी करून. मग घरी आली आणि माझ्या टेबलाशी उभी राहून मला विचारलं, "अभ्यास झाला?" ती हे कधी विचारत नसे.

शनिवार-रविवार तिने घरातली सगळी कपाटं आवरली.

सोमवारी सर मोजणीच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत कागद होते आणि चष्मा कपाळावर गेला होता. "बावीस वर्षांत असं पाहिलं नाही," ते म्हणाले. "वीसपैकी एकोणीस जोड एकमेकांच्या इतके जवळ, की मला वाटलं मीटर अडकलंय. मी दोनदा मोजले."

छोटीची काच चांगली असणार हे आत्याला ठाऊकच होतं.

"छोटी," सर म्हणाले, "हे तुझं. अभिनंदन."

त्यांनी पिवळ्या टिकलीची डबी टेबलावर ठेवली. आत्याची काच. काटा थरथरलेली. मग हिरव्या टिकलीची डबी ठेवली, जरा हळू. "ताई, तुमची या वेळी जमली नाही. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत तीसपट फरक आहे. होतं असं."

छोटी आनंदाने किंचाळली आणि मग लाजून तोंडावर हात ठेवला. ती वळून आत्याच्या गळ्यात पडली. "ताई, तुम्हीच शिकवलं सगळं!" आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. हात कुठे ठेवायचा असतो तेवढं तिला आठवलं.

तो एकोणीस आकड्यांचा कागद आत्याच्या हातात आलाच नाही. सरांनी तो सरळ फळ्यावर टाचला, वर छोटीचं नाव लिहून. आत्या जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली काच. तिची. आणि छोटी कुणाला तरी फोनवर सांगत होती, "अगं, एकोणीस! वीसपैकी एकोणीस!"

संध्याकाळी बाबा अंगणात रॉकेलमध्ये ब्रश धूत होते. आत्या त्यांच्याजवळ पायरीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं, झाकणांसकट. मी खिडकीशी होते. तिला ते माहीत होतं.

बाबांनी बराच वेळ ब्रश धुतला. मग म्हणाले, "चोरी करायला गेलीस आणि स्वतःच्याच घरात शिरलीस."

"हसू नकोस."

"हसत नाही. म्हणजे, थोडं हसतोय. आता काय?"

"आता काय! गप्प बसायचं. सांगितलं तर नोकरी जाईल."

"मग बस गप्प."

"ती तीन महिने तिकडे जाऊन सांगणार, माझ्या काचेचे एकोणीस आकडे. माझ्या काचेचे, दादा!"

"तूच दिलीस की तिला."

"दिली नाही. तिची घेतली. घेताना माझी तिकडे गेली." आत्या थांबली. "तुला नाही कळायचं."

"मला नाही कळत?" बाबांनी ब्रश झटकला. "त्या टेकडीवरच्या दवाखान्याचा जिना कुणी रंगवला? मी. नाव कुणाचं झालं? मुकादमाच्या मेहुण्याचं. अठरा वर्षं झाली. मी सर्दी झाली तरी तिथेच जातो, कठड्याला हात लावून येतो."

आत्या पहिल्यांदा हसली. मग लगेच हसायची थांबली.

पुढे मी मोठी झाल्यावर तिने मला सांगितलं, की दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली ती काही पश्चात्ताप झाला म्हणून नाही. पश्चात्ताप नंतर झाला, हळूहळू, हप्त्याहप्त्याने. त्या दिवशी ती गेली कारण तिला सहन होत नव्हतं. ज्या जळफळाटाने झाकणं बदलली, तोच तिला हाताला धरून सरांच्या दाराशी घेऊन गेला.

सरांनी ऐकून घेतलं. छोटीही तिथेच होती, नव्या यंत्राचे कागद भरत.

"ताई," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज फार मऊ झाला, "तुम्हाला वाईट वाटणं मी समजू शकतो. पण हे असं बोलणं तुम्हाला शोभत नाही."

त्यांना खोटं वाटलं होतं. हेवा करणारी बाई पोरीची काच आपली म्हणतेय, असं. आत्या तिथे उभी राहिली आणि तिला कळलं की आपण चोरी कबूल करतोय आणि कुणी घ्यायला तयार नाही.

"काच उलटी करा," ती म्हणाली.

"काय?"

"पाठीवर बघा. मी काच कोरायच्या हिरकणीने खूण करते. डब्या नव्हत्या तेव्हापासूनची सवय आहे. तारीख आणि एक तिरपी रेघ."

सर काच नेहमी पट्ट्यांची बाजू वर ठेवून मोजणीच्या खाचेत बसवत. पाठ बघायची वेळच येत नसे. पिवळ्या टिकलीची डबी छोटीने उघडली. चिमट्याने काच उचलून दिव्यासमोर तिरपी धरली. तिने बराच वेळ धरून ठेवली. मग हिरवी डबी उघडली, ती काच धरली. तिची पाठ कोरी होती.

"सर," छोटी म्हणाली, "ही ताईंचीच आहे."

मग ती आत्याकडे वळली, आणि तिचे डोळे भरले होते, पण आवाज चांगलाच धारदार होता. "माझी काच चांगली येणार असं तुम्हाला वाटलं म्हणून घेतलीत ना? आणि निघाली तीसपट! घ्या आता. ठेवा ती तुमच्याच नावावर."

"चूक झाली माझी," आत्या म्हणाली.

"गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" छोटी म्हणाली, आणि मग ती खरंच रडली. हे रडणं कशासाठी होतं ते आत्याला बरोबर कळलं. कालचे एकोणीस आकडे एका रात्रीत तिच्या हातातून गेले होते.

सरांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोघींना बोलावून सांगितलं, की नावाची टिकली बदलणाऱ्या माणसाच्या हाती नवं यंत्र देता येणार नाही; छोटी जाईल. आत्याने मान हलवली. नोकरी राहिली, तेवढं पुष्कळ. पण छोटीला निघायला पाच आठवडे होते आणि सरांच्या डोक्यात दुसरंच काही शिरलं होतं. आत्याने काट्याचंही सांगितलं होतं; मग काटा थरथरलेली काच सगळ्यात चांगली कशी आली? त्यांनी दोघींना दहा-दहा काचा करायला लावल्या, सकाळ-दुपार आलटून पालटून. कुठलीही टिकली नाही. डबीवर फक्त आकडा, आणि कुठला आकडा कुणाचा ते बंद पाकिटात.

"आणि ताई, हिरकणी माझ्याकडे द्या," ते म्हणाले. आत्याने दिली.

पाच आठवड्यांनी पाकिटं उघडली. सरांनी फळ्यावर वीस काचांसाठी वीस ठिपके काढले, आत्याचे हिरवे, छोटीचे पिवळे. जितकी काच विखुरलेली तितका ठिपका वर. दोघी समोर उभ्या राहिल्या. हिरवे आणि पिवळे असे मिसळले होते, जसं मूठभर धान्य सांडावं. अगदी तळाशी, सुंदर म्हणाव्यात अशा, फक्त दोन काचा होत्या. एक हिरवी, एक पिवळी.

"म्हणजे कुणाच्या हाताला गुण?" छोटीने विचारलं.

"कुणाच्याच नाही," सर म्हणाले. ते स्वतःच जरा ओशाळले होते. "भिंत दहा अणूंची. कुठेतरी एक-दोन अणू कमी पडतात आणि जवळजवळ सगळी वीज तिथूनच जाते. बाकीची भिंत नुसती उभी असते. त्या पातळ जागा कुठे पडतील, किती पडतील, ते तुम्हीही ठरवत नाही आणि मीही नाही. कधीतरी एखाद्या काचेवर सगळ्याच जोडांत सारख्या पडतात. मी दोन काचांवरून आलेख फळ्यावर लावायला नको होता."

"आणि तिसऱ्या वर्षी?" आत्याने विचारलं.

"तिसऱ्या वर्षी काय?"

"काही नाही," आत्या म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने बाबांना सगळं सांगितलं. फक्त ते तिसऱ्या वर्षाचं वाक्य सांगितलं नाही. ते मला सांगितलं, पुष्कळ वर्षांनी, आणि सांगताना वार अजून तिच्या लक्षात होता.

छोटी गेली. जाताना आत्याशी धड बोलली नाही; तिचा ॲप्रन मात्र खुंटीवर तसाच ठेवून गेली. आत्या रोज आल्यावर आधी तो बघायची. आता उशिरा येणारं कुणी नव्हतं. काच धुताना तिला शांतता टोचू लागली, आणि एकदा पंपाच्या आवाजाखाली आपण गुणगुणतोय हे लक्षात येऊन ती दचकली. त्या काचेचे आकडेही विखुरलेच.

ती एकोणीस जोडांची काच सरांनी तिला देऊन टाकली. सहा महिन्यांत सायी म्हाताऱ्या होतात, आकडे सरकतात. ठेवून उपयोग नव्हता. ती घरी तिच्या कपाटात होती. मी पाहिली आहे. बोटाएवढी काच, वर राखाडी पट्ट्या, काहीच न दिसणारं. उलटी करून दिव्याशी तिरपी धरली की एक तारीख आणि एक रेघ.

दुसऱ्या महिन्यात, रविवारी सकाळी, छोटीचा फोन आला. आत्या भाजी निवडत होती. तिने ओल्या हाताने फोन उचलला आणि आम्हाला ऐकू यावा म्हणून नाही, पण हात ओले म्हणून, स्पीकर लावला.

"ताई, कशा आहात?" छोटीचा आवाज सावध होता.

"बरी आहे. तू? यंत्र कसं आहे?"

"मस्त आहे. सगळं आपोआप. काटा नाहीच, नुसता पडदा. इथे मला वेगळं टेबल दिलंय, खिडकीजवळ."

आत्याचा चेहरा मी बघत होते. खिडकीचं नाव निघताच तो थोडा आक्रसला.

"छान," ती म्हणाली.

"पण एक सांगू?" पलीकडे छोटी थोडी थांबली. "आकडे इथेही विखुरतातच, ताई. इतकं महागाचं यंत्र, तरी."

आत्याने निवडलेली भाजी बाजूला सारली, खुर्ची फोनच्या जवळ ओढली आणि नीट सावरून बसली.

"किती?" तिने विचारलं.

"बारापट."

"असं होय," आत्या म्हणाली, आणि मग, एवढं चांगलं ऐकू आलेलं असूनही, "किती म्हणालीस?"